काचेचा विमा, माणसाचा विमा

नागपूर,
९ ऑक्टोबर १९८७

ती. देवरावभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. वहिनीला आठवण सांग, पोरांना गोड पापा. तू पाठवलेला तांदूळ मिळाला, छान आहे. सोबतचं पत्र मात्र पचलं नाही.

लिहितोस, जावईबापूंच्या पायाचं असं झालं, आता काम गुंडाळा आणि दिवाळीआधी पारशिवनीला राहायला या. भाऊ, काम गुंडाळलं नाही, वाढलंय. उन्हावर पाणी तापवणाऱ्या त्या सोलर पेट्या आता दोन वसतिगृहांच्या छतांवरही बसल्या. त्यांच्या काचा धुवायला बोलावणं आपल्यालाच येतं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते, म्हणून सकाळीच जावं लागतं.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं तुला अर्धंच सांगितलं होतं. शिडी, बादल्या, दोर, सारं पूजेला मांडलं होतं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे आपल्याच घरचं वळण. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, काचा मळल्यात, पाणी तापत नाही. हे म्हणाले, "दोर राहू दे वं पूजेत. थोडंसंच काम हाय." ओल्या पत्र्यावर पाय सरकला. हे आधी काचेवर आपटले, मग खाली. काचेचा विमा होता, महिन्याभरात नवी बसली. माणसाचा नव्हता. मला अजून राग येतो. देवाचा नाही, आमच्या शहाणपणाचा.

यंदाही पूजा केली. दोराला कुंकू लावलं, फक्त तो तेव्हा माझ्या कमरेला बांधलेला होता.

तर हे असं आहे. उन्हाळ्यापासून छतावर मी चढते. हे जिन्यानं हळूहळू गच्चीपर्यंत येतात, खांबाला बांधलेल्या माझ्या दोराची गाठ स्वतः ओढून पाहतात, मगच मला पत्र्यावर जाऊ देतात.

विमाही काढला, माझ्या नावानं. एजंट बाबाराव म्हणाले, "ताई, घरकाम लिहून टाकतो, हप्ता कमी बसते."

मी म्हटलं, "अन् मी पडली त कंपनी म्हणन, घरकामवाली बाई छतावर काहून गेली? जे करते तेच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. हे बाजूला बसून हसत होते. पडल्यापासून पहिल्यांदा हसले, भाऊ.

शेजारीपाजारी बोलतात, बोलू देत. तू बोललास तर मात्र मला लागेल, म्हणून इतके महिने लिहायचं टाळलं.

भाऊबीजेला ये. न्यायला नको, जेवायला ये. ओवाळणीत साडी आणू नकोस, रबरी तळव्याचे बूट आण, पाच नंबरचे. तुझ्या हातात बूट दिसले की तुला पटलं का, असं मी विचारणारही नाही. रिकाम्या हातानं आलास तरी तितक्याच मायेनं ओवाळीन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला पत्र्यावर चढायचंच आहे.

तुझी, छतावर चढणारी बहीण,
सुमती