दोन वर्षांसाठी दिलेले हात

३ फेब्रुवारी

सही केली! माझ्या हातांचा करार झाला. अख्ख्या माझा नाही, मनगटापासून खालचा. चेहरा नको म्हणाले. बरंच झालं, पुढचे दोन दात अजून बसवायचेत.

झालं असं, की मी शर्टाला बटण लावत होते आणि नातीने व्हिडिओ काढला. चाळीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं केली, डोळे मिटून लावते. तो व्हिडिओ तिच्या मैत्रिणीने पाहिला, मैत्रिणीकडून तो एजंटबाईंकडे गेला. लोकरीच्या एका कंपनीला जाहिरातीसाठी म्हातारीचे हात हवे होते. माझ्याकडे नेमके दोन निघाले!

एजंटबाई वयाने लहान, पण जिभेला लगाम नाही. सहा पानांचा कागद. मी चौथी पास, अक्षराला अक्षर लावून वाचणारी. नात गाडी लावायला गेली ती येईना. म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, "आजी, तीन शब्द लक्षात ठेवा. ऑप्शन, एक्सक्लुझिव्ह, यूसेज."

ऑप्शन म्हणजे त्यांनी तारीख धरून ठेवायची, काम पक्कं नाही. बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसं. एक्सक्लुझिव्ह म्हणजे दुसऱ्या लोकरवाल्यांकडे जायचं नाही. यूसेज दोन वर्षं. "आणि हो, हातांच्या दिसण्यात काही बदल करायचा नाही. कापणं, भाजणं, टाके, काही नाही!"

मी मान डोलावली. दोन वर्षं. जमेल.

५ फेब्रुवारी

नातीचा स्वेटर अर्धा विणून झाला होता. लोकर बघितली तर दुसऱ्या कंपनीची! माळ्यावर टाकली. सही केली म्हणजे केली.

भांडीही बंद. सुनेला म्हटलं, करार आहे. ती म्हणाली, "आई, त्या बाईंना विचारा ना, माझ्याही हातांचा करून देतात का." लबाड!

१४ फेब्रुवारी

फोटो झाले. चार तास, नुसत्या हातांचे! एक मुलगी फक्त माझ्या नखांसाठी. खुर्ची, पंखा, पाणी प्यायचं तर नळीने, ग्लासही धरू देईनात. माझ्या लग्नातसुद्धा एवढी बडदास्त नव्हती.

उजव्या हाताचं मधलं बोट मध्येच अडकलं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईपासून अडकतंय. वाकलं की वाकलेलंच, मग दुसऱ्या हाताने ओढलं की टक् करून सुटतं. सोडवायला गेले तर फोटोवाला ओरडला, "आजी, हलू नका! ते बोट तसंच. काय सुंदर वाकवलंय!" मी कशाला सांगते अडकलंय म्हणून?

२ मार्च

बोट दुखायला लागलं म्हणून एकटीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, छोटं ऑपरेशन, तळहातावर दोन-तीन टाके, त्याच दिवशी घरी. टाके म्हटल्यावर मला करार आठवला. विचारलं, किती थांबता येईल? म्हणाले, लवकर करा, नाहीतर सांधा आखडेल आणि मग बोट कधीच सरळ होणार नाही.

"दोन वर्षांनी येते," म्हटलं.

त्यांनी चष्माच काढला. "आजी, बोट काय मुरत घालायचंय का?"

घरी सांगितलं, मलम दिलंय.

आता हे मूर्खपणाचं वाटेल. पण आजवर मी ज्या सह्या केल्या त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर, नाहीतर ह्यांच्या दवाखान्याच्या कागदांवर. स्वतःसाठी केलेली ही पहिली. ती मोडायची?

९ मार्च

आज पाच वेळा अडकलं. पेन अंगठा आणि करंगळीत धरलंय. अक्षर बघा!

१७ मार्च

सगळं उघडं पडलं. सकाळी माझ्या हातून कप पडला. सून कपाकडे बघेना, माझ्या ब्लाउजकडे बघत राहिली. खालची दोन बटणं उघडी. "आई, हात दाखवा." दाखवला. तिने बोट धरून ओढलं, टक्! मी ओरडले. मग डॉक्टर, टाके, दोन वर्षं, सगळं ओकावं लागलं.

तिने नातीला बोलावलं. नातीने सहा पानं मोठ्याने वाचली, दुसऱ्या पानावरच थांबली. "आजी! हातात बदल नको ते फोटो निघेपर्यंत. यूसेज म्हणजे फोटो वापरायची परवानगी. दोन वर्षं त्या फोटोंची आहेत, तुझ्या बोटाची नाहीत! आणि एक्सक्लुझिव्ह जाहिरातीपुरतं. घरात वीण ना बाई, हवी ती लोकर घेऊन!"

मी हसले, नात हसली. सून नाही हसली. "इतके दिवस बटणं उघडी ठेवून फिरलात. मला लावून द्या म्हणता आलं नाही?"

म्हटलं, "करार गुप्त असतो."

"घरच्यांपासून?"

तिने बटणं लावली आणि डॉक्टरांना फोन केला. अठ्ठावीस तारीख मिळाली.

२४ मार्च

एजंटबाईंचा फोन. कंपनी खूश! वर्षभराचं काम म्हणे, चार वेळा फोटो, आणि या वेळी चेहरासुद्धा! पहिली तारीख सहा एप्रिल. "फक्त बोट तसंच हवं हं आजी. त्या वाकड्या बोटावर तर सगळे फिदा आहेत."

मी अठ्ठावीस तारखेचं सांगितलं.

"वर्षभर पुढे नाही ढकलता येणार?"

"डॉक्टर नाही म्हणतात. काम पक्कं आहे का?"

"ऑप्शन आहे."

"म्हणजे रुमाल त्यांचा आणि जागा माझी."

त्या हसल्या, पण कसनुशा. "उद्या दुपारी बारापर्यंत कळवा. त्यांनी दुसऱ्या एका आजींनाही धरून ठेवलंय."

मुलगा म्हणाला, यात विचार कसला करायचा? सून म्हणाली, "त्यांना करू दे विचार." मी तीन वेळा आरशात जाऊन आले. तोंड मिटून हसलं तर दात दिसत नाहीत.

२५ मार्च

लोकरीच्या दुकानावर माझे हात लागलेत! दाराएवढे! गुंडा धरलेला, मधलं बोट वाकलेलं, एकेक सुरकुती ओंजळीएवढी. मी समोर उभी राहिले. आत गेले, बाहेर आले, पुन्हा बघितलं. ह्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, भिंत पुरली का?

दोन बायका थांबल्या. एक म्हणाली, "किती मायाळू हात." मला सांगायचं होतं, माझे आहेत! पण पिशवीची चेन उघडत होते आणि बोट पुन्हा अडकलं. ओढलं, सुटेना. शेवटी त्याच बाईने चेन उघडून दिली. "आजी, सावकाश," म्हणाली. माझ्या हाताकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

बारा वाजायला वीस मिनिटं होती.

२९ मार्च

डाव्या हाताने लिहिते आहे. हळू.

एजंटबाईंना पंचवीसलाच नको म्हणून सांगितलं होतं. इथे लिहायचा धीर झाला नाही. दुसऱ्या आजींना काम मिळालं.

पट्टीतून बोटाचं टोक बाहेर दिसतं. हल म्हटलं. हललं!