उजवा कौल

जामसंडे,
रविवार, दुपार

प्रिय गौरजा,

तुझा परवाचा निरोप मी तीनदा ऐकला. एकदा शाळेच्या ऑफिसात, दोनदा घरी. “बाबा, मिठबावाक जावन देवीक कौल लावा. डावो पडलो तर मी खेळ सोडतंय.” एवढं बोललीस आणि तेव्हापासून फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, इथे तुझा इलाज नाही. शिवाय माझा कारकुनाचा हात, समोर कागद असला की मला धीर येतो.

नाशिकचे तुझे सगळे डाव मी पटावर मांडून पाहिले. आपल्या सावंतवाडीच्या लाकडी सोंगट्यांवर, ज्यांत हरवलेल्या काळ्या घोड्याच्या जागी अजून सुपारीच आहे. ओळीने पाच हरलीस हे खरं. आठ महिन्यांत रेटिंग दीडशेने उतरलं हेही खरं, त्यावर मी साखर पेरणार नाही. पण मला त्या पाच डावांचं एवढं वाटलं नाही जेवढं सहाव्याचं वाटलं. तुझं एक प्यादं जास्त, हत्ती मोक्याच्या जागी, समोरची मुलगी वेळेच्या कचाट्यात, आणि तू बरोबरी मागितलीस! दहा वर्षांची असताना, ताटं वाढून आमटी निवत होती तरी, माझी बरोबरी धुडकावून मला हरवेपर्यंत तू उठू दिलं नव्हतंस. ते आठवून डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या खोलीतल्या तन्वीने पाठवलेला तिथला फोटोही पाहिला. पूर्वी खुर्चीवर एक पाय दुमडून बसायचीस, आता दोन्ही पाय जमिनीवर, बस आली की पटकन उठायचं असल्यासारखे.

इथे प्रत्येकाकडे तुझ्यासाठी औषध आहे. अजयकाका म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. शेजारच्या हौसाबाई म्हणतात दृष्ट लागली, आणि मीठमोहऱ्या घेऊन तयारच आहेत. तुझ्या आईचं निदान सगळ्यांत सोपं: “चेडवाक आदी पोटभर जेवूक घाला, मगे तुमचो राजा-वजीर.” सुक्या बांगड्यांचं पार्सल तिने काल पाठवलंय, मिळालं की कळव. कलमांना यंदा मोहोर कमी आहे. आता तुला वाटेल बाबा लगेच म्हणणार, झाडसुद्धा एखादं वर्ष धरत नाही. नाही म्हणणार. झाडाला रेटिंग नसतं आणि त्याला कोणी विचारतही नाही, यंदा काय झालं म्हणून. तुला सगळे विचारतात, त्याचा जाच मला कळतो.

मला बोलायचं आहे ते कौलाबद्दल. दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस तुला आठवत असेलच. बारावी झाली होती, पुण्याला राहून शिकायचं आणि खेळायचं असा तुझा हट्ट होता. अख्खं घर विरोधात. शेवटी अजयकाका म्हणाला, देवीला विचारूया, ती सांगेल ते सगळ्यांनी मानायचं. आपल्या घरात कौलापुढे कोणी जात नाही, मीही कधी गेलो नव्हतो. मी स्कूटर काढून मिठबावला गेलो. लवू गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, पोरीला पाठवू की नको असं विचारलं. उजवीकडची कळी आधी पडली तर पाठवायचं, डावीकडची पडली तर नाही. दोघं हात जोडून बसलो. घरी आलो तेव्हा तू अर्धी भरलेली बॅग घेऊन ओटीवर उभी होतीस. मी म्हटलं, “उजवो पडलो.” तू मला एवढी घट्ट मिठी मारलीस की चष्मा वाकला. मग नागपूरला राज्यात तिसरी आलीस, तिथून फोनवर म्हणालीस, बाबा, अडचणीत सापडले की मी मनात म्हणते, कौल उजवा आहे. ते ऐकून मी घाईने फोन तुझ्या आईच्या हातात दिला. तुला वाटलं, तिलाही लगेच ऐकायचं असेल.

गौरजा, कौल डावा पडला होता. कळी माझ्या डोळ्यांदेखत डावीकडून निसटली. लवूने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “देवीन आपला उत्तर दिल्यान, घराक काय सांगूचा ता तुमी बघा.” मिठबाव ते जामसंडे मी गाडी किती हळू चालवली असेन! तुझा चेहरा पाहिला आणि खोटं बोललो. देवीच्या नावाने बोललो. त्यानंतर दर सोमवारी जाऊन तिची क्षमा मागतो, शाळेला उशीर होतो तरी. आता तुझ्या मनात येईल की हा त्याचाच कोप. तसं असतं तर ती नागपूरलाच कोपली असती, आणि तुझ्यावर कशाला, माझ्यावर. काल हे सगळं तुझ्या आईला सांगितलं, तर म्हणते, “माका त्याच दिवशी कळला. तुमी चपलांसकट माजघरात इल्यात.” दोन वर्षं तीही गप्प! म्हणून आता मी कौल लावणार नाही, एकदा न मानलेलं उत्तर परत कुठल्या तोंडाने मागू? तुझा राग येईल तो मी सोसेन. पण नागपूरचे ते डाव उजव्या कौलाने जिंकले नव्हते बाळा, ते तू जिंकलीस, डावा पडलेला असताना. खेळ सोडायचा असेल तर सोड, खेळायचं असेल तर खेळ, आणि ठरलं की मला एका ओळीत कळव. मी सोमवारी देवळात जाऊन देवीला तसं सांगून येईन.

तुझाच,
बाबा