बुटक्या माणसानं बीम कसा उचलावा

प्रिय अण्णा,

काल जिल्ह्याची डेडलिफ्टची स्पर्धा झाली आणि मी दुसरी आले. आईला सांगून झालं, शेजारीपाजारी पेढे वाटून झाले, तरी मन काही भरेना. खरी गोष्ट तुम्हालाच कळणारी आहे, म्हणून सकाळी जिमला जायच्या आधी कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. पण काही चांगलं घडलं की पहिली हाक अजून तुम्हालाच जाते.

आठवतं, आपल्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या जिममध्ये तुम्ही मला पहिल्यांदा न्यायला आलात तो दिवस? जमिनीवर बार पडलेला, दोन्ही टोकांना लोखंडी चकत्या. तो बघून तुम्ही सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालात, "आगं, ह्यो तर आमचा बीम की!" टॉवेलच्या कारखान्यात तुमची तीस वर्षं गेली. सूत गुंडाळलेला तो जड रूळ दोघांनी उचलायचा आणि मागावर चढवायचा, हे तुमचं रोजचं काम. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझा एवढा इंग्रजी नावाचा व्यायाम, आणि तुम्ही तो थेट कारखान्यात नेऊन ठेवलात!

तेव्हा मी आमच्या सरांसारखंच उचलायची. सर सहा फुटी, हात गुडघ्याला टेकतील एवढे लांब. पाय जवळ, हात पायांच्या बाहेर, कंबरेतून वाकून बार धरायचा. हाच खरा डेडलिफ्ट, बाकी सगळ्या पळवाटा, असं ते म्हणायचे आणि मीही तेच घोकायची. तुम्ही चार दिवस बाकावर बसून गुपचूप बघत होतात. पाचव्या दिवशी घरी येताना म्हणालात, "रेणे, तुजी कंबर आदी वर यायलीय आन् बार मागनं. आमच्यात बीमला जोडी लावताना उंची बगत्यात. उंचाला उंच, बुटक्याला बुटका. बुटक्यानं उंचाची नक्कल केली की सगळं वजन त्येच्याच अंगावर येतंय."

आणि मी काय म्हणाले? "अण्णा, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

भर रस्त्यात म्हणाले. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत. अण्णा, त्याची माफी मी कधीच मागितली नाही. आज उद्या करत राहिले आणि तुम्ही थांबलाच नाहीत.

पंधरा दिवसांत कंबर धरली. कूस बदलायची तरी रडू यायचं. आता वजन उचलणं संपलं, असंच मी धरून चालले होते. "मी सांगितलं नव्हतं?" असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. (मी असते तर दिवसातून तीनदा म्हणाले असते!) मी बरी झाल्यावर कारखान्यातून सुताचा एक दोरा आणलात, मला भिंतीला उभं केलंत, हात मोजलात, मांडी मोजलीत. "हात आखूड, मांडी लांब. माज्यावर गेलीस. पाय फाकव, हात पायाच्या आत घे, छाती वर. आता ऊठ." मी नुसती काठी घेऊन उठले आणि कंबर हूं की चूं करेना! याला सुमो डेडलिफ्ट म्हणतात, हे मला नंतर कळलं. तुम्ही नाव माहीत नसताना जन्मभर तेच करत होतात.

आत्या आल्या होत्या तेव्हा. "पोरीच्या जातीनं असं पाय फाकून उभारायचं?" म्हणाल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिचं पाय, तिची कंबर. तुजं काय दुखायलंय?" त्या दिवशी मला तुमचा किती अभिमान वाटला, तेही सांगायचं राहिलं.

एक राग आहे मात्र. माझ्या कंबरेला मलम लावत बसलात, आणि स्वतःच्या छातीत कळा येतात हे कुणाला कळू दिलं नाहीत. असं करतात का अण्णा?

सर पुण्याला गेले आणि जिममधली बायकांची बॅच माझ्याकडे आली. मग मी काय केलं असेल? आली बाई की फाकव पाय! सुमोनं मला वाचवलं होतं, म्हणून ते सगळ्या जगाला लागू. त्यात सना आली. औषधाच्या दुकानात काम करते, अंगानं ताडमाड, हात-पाय नुसते लांबच लांब. दोन महिने तिला सुमोत उभी केली. तिचे खुबे दुखायला लागले. एक दिवस भीतभीत म्हणाली, "मॅडम, पाय जवळ घेऊन बघू का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुला त्यातलं काय कळतंय?"

ती नुसतं "बरं" म्हणाली, अण्णा. अगदी तुमच्यासारखी.

दुसऱ्या दिवशी तिची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिचं माप घेतलं आणि तिला सरांसारखं उभं केलं. बार सरळ वर गेला! तेव्हापासून नवीन बाई आली की आधी तिचं अंग बघते आणि विचारते, कशासाठी उचलायचंय? एका काकूंना फक्त गॅसची टाकी हलवताना पाठ वाचवायची होती. त्यांना षटकोनी बार दिला, त्याच्या मधोमध उभं राहून उचलायचा. एका कबड्डीवालीला मांड्यांची मागची बाजू मजबूत करायची होती. ती उभ्यानं बार धरून गुडघ्याखाली नेते आणि परत वर येते, त्याला रोमानियन म्हणतात. चौघींचे चार प्रकार. जिममधले पुरुष आधी हसायचे, आता येऊन विचारतात.

काल सना आणि मी एकाच वजनगटात होतो. ती उभी वाढलेली, मी आडवी, काट्यावर दोघी सारख्याच. मी एकशे तीस किलो उचलले, पाय फाकवून. तिनं एकशे पस्तीस, पाय जवळ घेऊन. ज्या पद्धतीनं मला खाटेवर पाडलं, त्याच पद्धतीनं तिनं मला हरवलं. आणि तिचा बार गुडघ्यावर आला तेव्हा सगळ्यात जास्त मीच ओरडत होते. आज आवाज बसलाय.

मग माइकवरून पुकारा झाला. "दुसरा क्रमांक, रेणुका सिद्राम..." आडनाव टाळ्यांत ऐकूच आलं नाही. मग पहिल्या क्रमांकाला सनाचं नाव, आणि पहिलीच्या प्रशिक्षकाचंही नाव घेतात म्हणून त्यामागून, "प्रशिक्षक, रेणुका सिद्राम..." अण्णा, पहिली आले असते तर तुमचं नाव एकदाच घेतलं गेलं असतं.

एक शब्द देते. पुढच्या वर्षी सनाला हरवणार. पण तोवर मला जे जे येतं ते सगळं तिला शिकवीन, एवढंसुद्धा राखून ठेवणार नाही.

तुमचीच बुटकी,
रेणू