निकिताताईच्या नावानं

नाशिक रोड,
१२ सप्टेंबर २०२५

ती. मालनमावशी यांना,
हर्षालीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक. तुम्ही पाठवलेले पापड पोचले. डबा सासूबाईंनी स्वतःच्या ताब्यात घेतलाय, त्यामुळे ते दिवाळीपर्यंत पुरतील. चांदवडला पाऊस कसा आहे? कांद्याची रोपं टाकली का?

पत्र कशाला, फोन करायचा की, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. हे पत्र कोणाकडून वाचून घेऊ नका. पोथी वाचता तसं एकटीनं वाचा.

सर्वपित्रीला तुम्ही येणार, असं हे म्हणाले. त्याआधी सांगायला हवं.

तुमची लेक गेल्यावर दोन वर्षांनी मी ह्या घरात आले. लग्नात निकिताताईच्या नावाची सोन्याची पुतळी तुम्हीच माझ्या गळ्यात घातलीत. पहिलीचा मान दुसरीनं गळ्यात वागवायचा, ही रीत. वर्षभरात मला ते सुरू झालं. आधी काहीतरी करपल्याचा वास येई, गॅस बंद असला तरी. मग पोटातून काहीतरी वर चढे आणि माझंच स्वयंपाकघर परक्याचं वाटे. हे समोर उभे असत, पण खरे वाटत नसत. मागून एक बाई हाक मारी. भानावर येई तेव्हा सासूबाई हळदकुंकू घेऊन बसलेल्या. "निकिता आली," त्या म्हणाल्या. मीही मानलं. तुम्हाला निरोप गेला. तुम्ही दोनदा आलात, तेव्हा मी नुसती पुटपुटत होते.

जूनमध्ये ह्यांनी सासूबाईंना न सांगता मला डॉक्टरांकडे नेलं. डोक्याला तारा लावून तपासलं. हातपाय झाडले नाहीत तरी फिट असते म्हणाले. वास, हाक, सगळं परकं वाटणं, त्या फिटचंच. गोळ्या सुरू झाल्यापासून एकदाही आलं नाही. एकदाही नाही, मावशी.

मग पोळ्याच्या अमावस्येला काय होतं?

तुम्ही तिसऱ्यांदा आलात, माझी ओटी भरलीत आणि रडत विचारलंत, "निके, त्या दुपारी तुझा फोन वाजत व्हता. म्या कांद्याच्या लागणीत व्हते, उचलला नाय. सांजच्याला तू गेलीस. लय राग आला का गं?" मी पूर्ण भानावर होते. पंख्याची घरघर ऐकू येत होती, तुमच्या टाचांच्या भेगा दिसत होत्या. तरी डोकं घुमवत मी म्हणाले, "नाय माय, मला राग नाय."

दया आली म्हणून बोलले, असं लिहून मी एक कागद फाडला. दया होतीच. पण सासूबाई माझ्या पाया पडत होत्या, आणि ते मला आवडत होतं. एरवी त्या मला चहा झाला का, एवढंच विचारतात. लिहिताना लाज वाटते.

त्या दिवसापासून तुम्हाला झोप लागते, असं अमोलदादा सांगत होते. आपल्या आईचं बरं चाललंय म्हणून किती खुशीत होते ते. मावशी, मी निकिताताईला पाहिलंसुद्धा नाही. तिनं फोन कशासाठी केला होता, मला काय ठाऊक? तुम्हाला माफ करणं हा तिचा हक्क होता. तो मी वापरला.

सर्वपित्रीला या. चार लोकांत मला काय बोलायचं ते बोला, मी मान खाली घालून ऐकेन. फक्त 'निके' म्हणून हाक मारू नका. तुम्ही मारलीत, तर मी पुन्हा ओ देईन.

तुमची लेक नसलेली,
हर्षाली