न धुतलेले कपडे

गाठोडं ती बाई कुणाच्याच हातात द्यायला तयार नव्हती, आई. खुटबावहून दौंडपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणलेलं, आता आमच्या महिला केंद्रातल्या खुर्चीतही तसंच. शेजारी तिची कॉलेजला जाणारी मुलगी, खाली बघत. बलात्काराची तक्रार सकाळीच नोंदवून झाली होती. मी म्हणाले, द्या, पोलीस मॅडम पंचनामा करून घेतील. तेव्हा ती म्हणाली, ‘‘लेकीचं कपडं हायत, ताई. धुतलं न्हाईत म्या. शेजारीण म्हणली, आधी आंघोळ घाल तिला. म्या म्हणलं, तू घाल तुझ्या म्हशीला.’’ मुलगी किंचित हसली.

मला ते हसणं बघवलं नाही.

माझ्यावर तेच झालं आणि मी तुला सांगितलं, तेव्हा तू आधी बंब पेटवलास. मांडवगणच्या मोरीत मला घासून न्हाऊ घातलंस, ड्रेस दगडावर आपटून धुतलास आणि तो वाळायच्या आत चुलत्यांना सांगून मोकळी झालीस, की पोरगी विहिरीपाशी घसरून पडली. दुसऱ्या दिवशी तोच ड्रेस घालायला लावून मला कांदे काढायला नेलंस. बायकांनी बघावं, काही झालेलं नाही. वाफ्यात तू सगळ्यांत मोठ्यानं बोलते आहेस, मी मान खाली घालून पात कापते आहे. तुला दुसरी वाट कुणी दाखवलीच नव्हती, हे मला कळतं. केंद्रात कामाला आलेल्या नव्या मुलींना शिकवताना मी तुझीच बाजू मांडते. आता तुझ्यासारखीच्या शेजारी बसायला मी असते; सरकारी कागदांत मला सहाय्यक व्यक्ती म्हणतात. महिला डॉक्टर येते, वेगळी खोली मिळते, मुलीला तेच तेच दहा जणांना सांगावं लागत नाही. यासाठी मी किती जणांशी भांडले आहे. आणि एखादीला ते मिळालं, की माझा जळफळाट होतो.

संध्याकाळी बाईचा धाकटा दीर गाडी घेऊन आला. ‘‘वहिनी, चला घरी. उद्या कोर्टात जबाब झाला, की मग माघार न्हाई. आपसात मिटवू.’’

बाईनं माझ्याकडे बघितलं. निर्णय तुम्हा मायलेकींचा, कुणाची जबरदस्ती चालणार नाही, एवढंच बोलायचं होतं. तेच माझं काम. मी गप्प राहिले. वाटलं, जाऊ दे तिला. या मुलीचीही आई तुझ्यासारखीच निघू दे.

‘‘भावजी, तुमी व्हा म्होरं,’’ बाई म्हणाली. ‘‘जनावरास्नी वैरण टाका तेवढी. आमाला उद्या येळ लागंल.’’

त्या दोघी केंद्रातच राहिल्या. हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, तू गेल्यावर पाठवायचं तरी कुठं. एक मात्र तुला सांगायचं होतं. अंथरूण देताना त्या बाईला माझ्या तोंडून ‘आई’ गेलं. वयानं ती माझ्याएवढीच असेल.

सकाळी मुलीनं जबाब दिला. दार बंद होतं. तिची आई आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिनं अर्धी भाकरी मोडून मला दिली. मी खाल्ली.