समोरासमोरच्या दोन स्प्रिंगा

४ मार्च, सोमवार

मोटारसायकलचा मेला क्लच परत घसरला! दवाखान्याच्या चढावरच. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलायला तयार नाही. मागून बसवाला हॉर्न वाजवून जीव खातोय. मागच्या डब्यात लोकांच्या रक्ताच्या बाटल्या. लॅबमध्ये पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणखी एकदा नमुने खराब झाले, तर घरोघरी जायचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." म्हणजे मी घरी! मला येतं तरी दुसरं काय? म्हाताऱ्या माणसांच्या हातातली शीर पहिल्या टोचणीत सापडते — एवढंच.

५ मार्च

केबल बघितली. ती ताणलेली असली की क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि घसरतो. पण ढील अगदी हवी तेवढी आहे. डाव्या हाताचा क्लचचा लिव्हर तर हल्ली लोण्यासारखा मऊ. पूर्वी दगड होता नुसता! तेवढंच एक सुख.

बाबा म्हणाले, "ऑइल बदलून बघ. क्लच उघडू नकोस." हिवाळ्यात त्यांनीच उघडला होता. सगळा जन्म बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये गेला, त्यांचा शब्द कसा मोडायचा?

८ मार्च

ऑइल बदललं. ढिम्म फरक नाही. चढावर उतरून ढकलली. घामाघूम. दोन कॉलेजच्या पोरी हसत गेल्या — हसा बायांनो, हसा.

बाबांचं काहीतरी बिनसलंय. जेवताना माझ्या ताटाकडे टक लावून बघत बसतात. घरातल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवतात! काल तेलाची बाटली उचलली तर झाकण माझ्या हातात आणि तेल फरशीवर. विचारलं तर म्हणे, "कुठली झाकणं?" भीती वाटते.

१० मार्च, रविवार

बाबा बाजारात गेलेत बघून शेवटी उघडलाच. प्लेटी जळल्या असतील, झिजल्या असतील अशी मनाची तयारी केली होती. कसलं काय! प्लेटी चांगल्या आहेत. प्लेटींना दाबून धरायला सहा स्प्रिंगा असतात. त्यातल्या दोन नाहीतच. तुटलेल्या नाहीत, पडलेल्या नाहीत. समोरासमोरच्या दोन जागा रिकाम्या.

चार स्प्रिंगांवर क्लच काय पकडणार डोंबल!

बाबा आले. मी त्या जागा दाखवल्या. ते वाकले, बघितलं. मग म्हणाले, "राहिल्या असतील." पिशवी घेऊन आत गेले.

राहिल्या असतील! डेपोतली पोरं एक वायसर विसरली तर यांनी अख्खं इंजिन परत उघडायला लावलं आहे. आणि हे दोन स्प्रिंगा विसरतात, वर झाकण लावून माझ्या हातात किल्ली देतात. मी तिथेच फरशीवर बसून रडले. काळे हात तोंडाला लागले, त्याचंही भान नव्हतं.

११ मार्च

दादाला फोन केला. "वय झालं गं त्यांचं, होतं असं." तिकडे बसून बोलायला याचं काय जातंय! मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पुढचा मंगळवार. बाबांना सांगितलेलं नाही. जीभच रेटत नाही.

आईचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, शरीर तेवढं हळूहळू गेलं. बाबा तिला भरवायचे, तिची वेणी घालायचे — वाकडी. आता बाबांचं शरीर धडधाकट आणि डोकं चाललंय. किती बघायचं एका माणसानं? मला आता होणार नाही हे. खरंच नाही होणार.

१३ मार्च

बसनं फिरतेय. आज एका आजींच्या दंडाला पट्टी बांधताना डाव्या हातातून दोनदा सुटली. "झोप झाली नाही का गं?" म्हणाल्या. कशी होणार?

१६ मार्च

नव्या स्प्रिंगा मिळाल्या. बाबांनी पुडी बघितली.

"नको बसवू. आहे ती चालव, चढावर हळू घे."

"चारवर घसरते, बाबा! माझी नोकरी जाईल! तुम्ही विसरलात आणि वर मलाच—"

बोलून गेले. ते अगदी शांतपणे म्हणाले, "हो. विसरलो असेन मी."

जीभ झडली असती तर बरं.

१७ मार्च, रविवार

सहाही बसवल्या. झाकण लावलं, केबल जोडली. बाबा पायरीवर बसून बघत होते.

गाडीवर बसले. लिव्हर ओढला. हलेना. डाव्या हाताची चारही बोटं लावून ओढला, दात-ओठ खाऊन. निम्म्यावर येऊन सुटला. केबल अडकली असेल म्हणून उजवा हात पलीकडे नेऊन ओढून बघितला.

सहज आला.

बाबा उठून जवळ आले. खिशातून रुमाल काढून उलगडला. आत जुन्या दोन स्प्रिंगा. "तुझ्या आईचंही डाव्यापासूनच सुरू झालं होतं," म्हणाले. "हिवाळ्यात तुझ्या हातून कप पडायला लागले. म्हटलं, दोन स्प्रिंगा काढून लिव्हर हलका करून देऊ. चालेल तेवढे दिवस चालेल."

१८ मार्च

डॉक्टरांकडे फोन केला. उद्याची वेळ तशीच ठेवली. फक्त बाबांचं नाव काढून माझं लिहायला सांगितलं.