डाव्या हाताची सुरी

३ ऑगस्ट, रवि.
आज ह्यांचं दिवसभर "बरं" चाललं होतं. मी भाजीत मीठ विसरले, बरं. पंखा बंद केला, बरं. दुपारी धाकटे दीर वसंतभावजी डोईफोडियाच्या शेतावरून आले. म्हणाले, "दादा, पोळ्याच्या आधी केळीची कटाई लावतो. तुम्ही कायले येता शेतात, आराम करा." त्यावरही बरं!
दरवर्षी केळीचा पहिला घड हे स्वतः उतरवतात, त्याच्या फण्या स्वतःच्या सुरीने काढतात, मगच मजूर बागेत शिरतात. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. लकव्याला पाच महिने झाले. उजवा हात अजून लुळाच. डॉ. म्हणतात बोलणं सगळं परत आलंय. आलं असेल, पण घरात ऐकू येत नाही.
मला माझा भांडखोर नवरा परत हवाय. कोणाला सांगायला लाज वाटते म्हणून इथे लिहिते.

५ ऑग.
शेताच्या पिशवीत ह्यांची जुनी सुरी सापडली. वीतभर, ट्रकच्या कमान-स्प्रिंगच्या पट्टीतून घडवलेली, बाभळीची मूठ झिजून काडी झालेली. पुढे ठेवली. डाव्या हाताने उचलली, मुठीत नीट बसेना, पडली. भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारचं जेवण तसंच राहिलं.

७ ऑग.
आमच्या लेकीचा, नंदूचा, इंदूरहून फोन. तिला सगळं सांगितलं. "आई, तू टेन्शन नको घेऊ. मी ऑनलाइन मंगवते ना. ट्रेकिंगवाले जो यूज करतात तशी सुरी, ग्रिप एकदम मस्त असते." पाठव म्हटलं.

११ ऑग., सोम.
आली. काळी, रबरी मूठ, कमरेला लावायचं म्यान. दिसायला लष्करातली. दुधी कापून पाहिला. पातं इतकं जाड की कापत नाही, फाडतं. फणी काय काढणार, केळी चिरडतील. पण मूठ मात्र ह्यांच्या डाव्या हातात गच्च बसली.
"कशी आहे?"
"चांगली हाय."
चांगली! हा माणूस देवळातल्या प्रसादालाही नावं ठेवतो. जीव तुटला माझा.

१२ ऑग.
लोधीपुऱ्यात लोहाराकडे. जुनी सुरी नि नवी, दोन्ही नेल्या. सांगितलं, पातं जुनीसारखं जसंच्या तसं, मूठ नवीसारखी जाड. शहाणपणा केला असं वाटलं.
लोहार म्हणाला, "भैया खुद नहीं आए? उनको तो मेरा काम कभी पसंद ही नहीं आता."
तब्येत सांगितली. त्याने भाता थांबवला. मग म्हणाला, "इस बार डाँट खाने मैं घर आ जाऊँगा, भाभी." रिक्षात डोळे पुसले.

१४ ऑग., गुरु.
सुरी छान झाली. भावजींकडून एक डागी घड मागवला, ओसरीच्या आकड्याला टांगला, म्हणजे ह्यांना उभ्याने कापता येईल. फणी मी धरायची, सुरी त्यांनी चालवायची असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.
सुरी कोणाच्या हातात द्यायची नाही, भांडण होतं, सासूबाईंचा नियम. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. चौतीस वर्षं बांधावर ठेवत आलो, आणि भांडलो नाही असा एक दिवस नाही. तर आज सवयीने मी ती फरशीवर ठेवली. हे बघत राहिले. वाकता येत नाही. मी ठेवून मोकळी, आणि माझं लक्षच नाही. मलाच लाज वाटली.
उचलली आणि सरळ त्यांच्या तळहातावर ठेवली. मनात म्हटलं, होऊ दे भांडण, त्याचीच तर वाट बघतेय.
पहिल्याच फणीला पातं आत सरकलं, तीन केळी चिरली. दुसऱ्या फणीलाही तेच. सुरी कट्ट्यावर ठेवून आत निघून गेले. हातच गेला म्हणायचा, दुसरं काय. मी स्वयंपाकघरात रडले.

१५ ऑग.
काही नाही. आकड्याला घड तसाच. दोनदा ओसरीत येऊन सुरीकडे बघून गेले.

१६ ऑग., शनि.
सकाळी चहाचा कप आपटला!
"कोनं सांगतलं होतं तुले, जशीच्या तशी बनवून आन म्हून?"
दूध गॅसवर तसंच सोडून मी वळले.
"ती उजव्या हाताची धार हाय. एकाच अंगानं घासेल हाय. डाव्यात धरली का केळात घुसते. पाचवीच्या पोरालेबी समजंल. मास्तरीन होती ना तू?"
मी म्हटलं, मास्तरीण होते, लोहारीण नव्हते. आणि परवा तोंडात काय गुळणी धरली होती?
"परवा मले वाटलं माझा हातच गेला."
मग त्यांनी चहा गोड नसल्याचं काढलं, मी बिनसाखरेच्या पथ्याचं काढलं, त्यांनी माझ्या भावाचं काढलं. दूध उतू गेलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!
दुपारी स्वतः रिक्षात बसून लोहाराकडे. पाच महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर, दवाखाना सोडून. दोघांची धारेवरून जुंपली. लोहार बोलता बोलता हसत होता, डोळे मात्र ओले. धार दुसऱ्या अंगाने लावून दिली. आधीच्या बाजूची घासून सपाट केली, पातं जरा अरुंद झालं.

१९ ऑग., मंगळ.
दुसरा घड. आठ फण्या, दोन बिघडल्या, सहा स्वच्छ. डावा हात थकला की थरथरतो. माझी बोटं पात्यापासून चार अंगुळं.
"बोटं काढ तिथून."
"नाही काढत."
"कापली जातील."
"मग फणी कोण धरणार, तुमचा भाऊ?"
सुरी थांबली. थरथर जाईपर्यंत हे थांबले, मग एका झटक्यात कापलं. माझी बोटं शाबूत. चिकाने हिरवी साडी गेली, ते डाग निघत नाहीत. ठेवून देणार आहे ती.

२० ऑग.
भावजींना ह्यांनीच फोन केला. उद्या येतो म्हणाले. भावजी म्हणे, दादा, मजूर उभे राहतील, व्यापारी राहील, सगळ्यांच्या देखत कशाला. फोन स्पीकरवर होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता "बरं" येणार.
"उभे राहू दे," म्हणाले नि फोन ठेवला.
पण संध्याकाळी जेवण गेलं नाही. मी विचारलं, भीती वाटते का. हो म्हणाले. मलाही वाटते. टांगलेला घड वेगळा, झाडावरचा वेगळा, त्याचं वजन वेगळं. खाली भावजी झेलतील, पण दांडा कापायचा ह्यांनीच.

२१ ऑग., गुरु., सकाळी सात
गाडी दारात. घाईत लिहिते.
सुरीवरून भांडण झालं. मी म्हटलं माझ्या पिशवीत राहू द्या. म्हणाले, नाही, कमरेला. नंदूच्या म्यानात ही सुरी नीट बसत नाही, ते जाड पात्याचं, आत खुळखुळते. जुन्या धोतराची पट्टी गुंडाळून बसवली. पट्टा मी बांधला, सैल झाला म्हणून ओरडा खाल्ला, पुन्हा बांधला, घट्ट झाला म्हणून पुन्हा.
पायऱ्या उतरताना माझ्या खांद्यावर हात. शेवटच्या पायरीवर म्हणाले, "तिथं म्यानातून काढली का सगळ्यांसमोर खाली ठेवू नको ती. हातात दे."
"आणि भांडण झालं तर?"
"होऊ दे."
हॉर्न वाजतोय. फणी धरायला हिरवीच साडी नेसलेय.